उमरेडच्या वाटेवर जुन्या गाड्या

नागपूरहून उमरेड गाठायला हल्ली तासभर पुरतो. दिघोरी नाका ओलांडला की शहर मागे पडते. मग विहीरगाव, पाचगाव, चांपा, उदासा अशी गावे एकामागून एक येतात, आणि पन्नासएक किलोमीटर पुरे होता होता कोळसाखाणींतून उपसलेल्या मातीचे करडे डोंगर क्षितिजावर दिसू लागतात. गेल्या फेब्रुवारीतील एका रविवारी हाच प्रवास आम्ही सव्वादोन तासांत केला, आणि तो तितका सावकाश व्हावा म्हणून त्याआधी दोन महिने खपलो होतो.

गाड्या नऊ होत्या. तीन अँबॅसेडर, चार फियाट व पद्मिनी, एक कॉन्टेसा आणि एक विलिस जीप. त्यांतली एक पद्मिनी आमची, १९७८ ची. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर गाडी मिळण्याचे ते दिवस होते. माझ्या वडिलांनी ती घेतली आणि पुढे चाळीस वर्षे दुसऱ्या कोणाला तिच्या चाकाशी बसू दिले नाही. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्याच रस्त्यावर त्यांना घर सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी गाडी चालवणे बंद करायला सांगितले. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि चाळिशीनंतर त्याला वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते. त्यामुळे परवाना संपला तेव्हा आम्ही तो पुन्हा काढला नाही. कागदाचा प्रश्न असा परस्पर सुटला. किल्लीचा सुटला नाही. बाबा रोज सकाळी किल्ली मागतात. मी ती तांदळाच्या डब्यात लपवते आणि ‘मेकॅनिककडे आहे’ असे सांगते. घरात असा आजार असलेल्यांना या खोट्याचे वजन ठाऊक असेल.

सहलीची कल्पना माझी नव्हे. जुन्या गाड्या सांभाळणारी आठ-दहा कुटुंबे नागपुरात एकमेकांना ओळखतात. वर्षातून एकदा गाड्या धुऊन-पुसून फुटाळ्यापर्यंत फेरी मारायची, छायाचित्रे काढायची आणि घरी परतायचे, एवढाच त्यांचा उद्योग. त्यांतल्या एका काकांनीच विषय काढला की ही फेरी कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे काही करू. तसे पाहिले तर यात नवे काही नाही. लंडन ते ब्रायटन ही जुन्या मोटारींची वाटचाल १८९६ च्या एका फेरीची आठवण म्हणून आजही निघते, आणि दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राने १९६४ पासून अशा गाड्यांची परंपरा जोपासली आहे. सिडनीत २०१२ साली सुरू झालेली, सूट-टाय घालून जुन्या मोटरसायकली चालवण्याची फेरी तर आता जगभर पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी जमवते. आम्हाला मात्र दूरच्या मोठ्या संस्थेला धनादेश पाठवायचा नव्हता.

उमरेडला काही निवृत्त शिक्षक मिळून रुग्णसाहित्याची एक खोली चालवतात. चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, डोक्याकडून व पायाकडून उचलता येणारा पलंग असे सामान अनामत ठेवून न्यायचे आणि गरज संपली की धुऊन परत करायचे. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाला असा पलंग दोन-तीन महिनेच लागतो. तेवढ्यासाठी तो विकत घेणे सामान्य घराला झेपत नाही, आणि न घेतल्यास पाठीला जखमा होतात. या खोलीत पलंग दोनच होते आणि मागणारे सतत रांगेत. आणखी दोन पलंग आणि काही वॉकर घेऊन द्यायचे असे ठरले. प्रत्येक गाडीमागे ठरावीक वर्गणी घ्यायची, आणि उमरेडला पोहोचल्यावर तिथल्या ज्येष्ठांना गाड्यांतून फिरवायचे. ही दुसरी अट शिक्षकांची होती. त्यांचे म्हणणे असे की, पैसे काय, पाठवूनही देता येतात. येणारच असाल तर आमच्या म्हाताऱ्यांना घराबाहेर काढा.

अशा फेरीत गाड्यांची तयारी त्या मानाने सोपी असते. पोलीस ठाण्याला लेखी कळवणे, विमा आणि प्रदूषणाचे प्रमाणपत्र तपासणे, पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीचे दर पाच वर्षांनी होणारे नोंदणी-नूतनीकरण झाले आहे की नाही ते पाहणे, एवढे केले की झाले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन वा फेरीपुरतीच बाहेर काढायची. आमची पद्मिनी अजून त्या वयाची झालेली नाही. बाबांना हे सांगितले तर म्हणाले, “माझ्याआधी तिला म्हातारी ठरवू नका.”

माणसांच्या तयारीला खरा वेळ लागला. वयस्क मंडळी प्रवासाच्या दिवशी पाणी पिणे सोडतात, कारण वाटेत सोय असेल की नाही याचा भरवसा नसतो. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते आणि दोष प्रवासाला जातो. म्हणून आम्ही आधी एकदा रस्ता पाहून आलो, तीन थांबे ठरवले आणि प्रत्येकाला ते सांगून ठेवले. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यावी की परतल्यावर, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून घेतले. मधुमेहींनी नाश्ता टाळायचा नाही, आणि प्रत्येक गाडीत साखरेची पुडी असायलाच हवी. जुन्या गाड्यांच्या धुराचाही विचार करावा लागतो. दोन गाड्यांत भरपूर अंतर ठेवायचे, नाहीतर पुढच्या गाडीचा धूर मागच्या गाडीतल्या दम्याच्या माणसाच्या छातीत जातो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करून आत कोणालाही बसवून ठेवायचे नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सर्वांच्या मागे एक आजच्या काळातली, थंड हवेची गाडी आणि तीत एक परिचारिका. आमच्या बहुतेक गाड्यांना आसनपट्टे नव्हते. तेव्हा वेग चाळीसच्या आत ठेवायचा हा नियम सर्वांनी मुकाट्याने मान्य केला. एका तरुण मुलाने कुरकुर केली, त्याला जीप दिली नाही.

गाडीत चढण्याचा सराव आम्ही अंगणात केला. गुडघे दुखणारा माणूस आधी एक पाय आत टाकतो आणि वाकून बसायला जातो. तिथेच तोल जातो. गाडीकडे पाठ करायची, मांड्यांच्या मागे आसनाचा स्पर्श झाला की हळू बसायचे, डोके सांभाळायचे आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. आसनावर प्लास्टिकची पिशवी पसरली तर वळणे सोपे जाते. मात्र वळून झाल्यावर ती काढून टाकायची, नाहीतर ब्रेक लागताच माणूस घसरतो. अँबॅसेडरचे आसन उंच आणि दार रुंद, त्यामुळे ती सर्वांत सोयीची. कॉन्टेसा दिसायला रुबाबदार, पण इतकी बुटकी की तीतून उठताना दोघांचा आधार लागतो. साठच्या दशकातल्या फियाटचे पुढचे दार मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे उलटे उघडणारे. धावत्या गाडीत ते धोक्याचे मानले गेले आणि पुढे बदलले. पण उभ्या गाडीत पाठ करून बसायला त्याच्याइतके सोपे दार मी पाहिलेले नाही.

सकाळी साडेसातला निघालो. गारठा होता आणि प्रत्येक गाडीचा चोक ओढावा लागला. बाबा माझ्या शेजारी, मफलर गुंडाळून. पाचगावपर्यंत ते काही बोलले नाहीत. पुढे अचानक म्हणाले, “या बाजूने छोटी रेल्वे जायची. अडीच फुटांच्या रुळांची. इतवारीहून उमरेड, मग नागभीड.” ती गाडी बंद होऊन मार्ग रुंद करण्याचे काम निघाले २०१९ मध्ये, ते त्यांना आठवत नव्हते. मात्र १९६० च्या सुमारास तिच्या दारात बसून ते कसे जात, डब्यात कशा मिरच्यांच्या गोण्या असत, ठसका लागून सारा डबा कसा खोकत असे, हे सगळे नीट आठवत होते. मिरच्या अर्थात पुढच्या भिवापूरच्या. वयाच्या दहा ते तीस या काळातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत घट्ट राहतात असे मानसशास्त्र सांगते. रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्येच लिहून ठेवले की, वृद्धांचे जुन्या गोष्टींत रमणे हे बुद्धी ढळल्याचे लक्षण नसून आयुष्याचा हिशेब लावण्याची स्वाभाविक क्रिया आहे. मी हे वाचले होते. तरी घरी बाबा तीच गोष्ट चौथ्यांदा सांगू लागले की मी टीव्हीचा आवाज वाढवीत असे.

चांप्याच्या पुढे आमच्या समोरची फियाट आचके देऊन बंद पडली. चालकाने बॉनेट उघडले, चार जण वाकून पाहू लागले, प्रत्येकाचे निदान वेगळे. बाबा काच खाली करून ऐकत होते. “एअर लॉक घेतलाय,” ते म्हणाले. “एसी पंपावर ओला गमछा टाका. दहा मिनिटे हात लावू नका.” सावकाश चालल्याने इंजिन तापले होते आणि पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती. गमछा टाकला. दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. टाळ्या वाजल्या.

मग ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. “चल, सरक. किल्ली दे.”

इतक्या लोकांसमोर ‘मेकॅनिककडे आहे’ म्हणता येत नव्हते. किल्ली समोरच लोंबत होती. मी म्हटले, “बाबा, आता तुम्ही गाडी चालवायची नाही. डॉक्टरांनी नाही सांगितलंय.” दोन वर्षांत प्रथमच मी हे त्यांना सरळ सांगितले. ते थोडा वेळ उभे राहिले. मग परत वळसा घालून आपल्या जागी जाऊन बसले. उदासा आले, गेले. कोळशाचे ट्रक समोरून येऊ लागले तेव्हा मी त्यांना काच वर करायला सांगितले. त्यांनी ती केली, पण माझ्याकडे पाहिले नाही.

उमरेडला शाळेच्या मैदानावर तीसेक ज्येष्ठ मंडळी खुर्च्या मांडून बसली होती. हारतुरे आणि भाषणे नकोत असे आम्ही आधीच ठरवून ठेवले होते. त्यावर एक आजोबा नाराज झाले. त्यांनी भाषण लिहून आणले होते. शेवटी त्यांचे तेवढे झाले, आणि चांगले झाले. मग दोन-दोन, तीन-तीन जणांना घेऊन गाड्या निघाल्या, जुन्या स्टेशनावरून मकरधोकड्याच्या तलावापर्यंत आणि परत. माझ्या गाडीत पक्षाघातानंतर डावा हात लुळा पडलेल्या एक आजी होत्या. उमरेड हे पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचे गाव, रेशीमकाठी धोतरांसाठी एके काळी नावाजलेले. आजींचे आयुष्यही मागावर गेलेले. तीन वर्षांत त्या दवाखान्याशिवाय कुठे गेल्या नव्हत्या. सुनेने मागचे दार उघडले तर म्हणाल्या, “मले समोर बसवा जी. मांगून काय दिसते?” बाबांनी आपली जागा त्यांना दिली. तलावापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, उजव्या हाताने डावा हात उचलून खिडकीच्या कडेवर ठेवला आणि बराच वेळ वारा घेत राहिल्या. सून मागे बसून डोळे पुसत होती. तिलाही तीन वर्षांत कोणी फिरवून आणले नव्हते, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. पुढच्या वेळी सांभाळणाऱ्यांसाठी वेगळी गाडी ठेवायला हवी.

परत आल्यावर बाबा दिसेनात. काळजात धस्स झाले. ते दुसऱ्या एका पद्मिनीच्या चालकाच्या जागी बसले होते. इंजिन बंद, किल्ली मालकाच्या खिशात, आणि भोवती शाळेची पोरे. स्टिअरिंगलाच गिअर असतो हे मुलांना खरे वाटत नव्हते. बाबा क्लच दाबून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा गिअर टाकून दाखवीत होते आणि हात एकदाही चुकला नाही. नातवाचे नाव विसरणाऱ्या माणसाला हे कसे जमते, असे कोणालाही वाटेल. हातांनी शिकलेल्या कामांची स्मृती मेंदूत निराळ्या वाटांनी साठवली जाते आणि अशा आजारात ती पुष्कळ काळ शाबूत राहते. म्हणूनच आजींना विणू द्यावे, आजोबांना शेंगा सोलू द्याव्यात. मात्र गिअर टाकणे आणि रहदारीत गाडी चालवणे एक नव्हे. दुसऱ्यासाठी क्षणाक्षणाला निर्णय घ्यावा लागतो, आणि नेमका तोच जमत नाही.

जेवणाला वडाभात होता. पथ्यावर असलेल्यांसाठी फिके वरण वेगळे. दोन पलंग आणि सहा वॉकर शिक्षकांच्या खोलीत उतरवून तीनला निघालो, कारण संध्याकाळ झाली की बाबांचा गोंधळ वाढतो आणि मोतीबिंदू असलेल्यांना समोरचे दिवे सहन होत नाहीत. उजेड असताना घरी पोहोचलो. परतीच्या वाटेवर बाबा झोपले होते.

रात्री मी स्वयंपाकघरात किल्ली जागेवर ठेवीत असताना ते पाणी प्यायला आले. माझा हात तांदळात होता. मी तशीच थांबले. ते पाणी प्यायले, पेला विसळून पालथा घातला आणि जाता जाता म्हणाले, “जरा खोल ठेवत जा. वर आली की मला दिसते.”