अलेक्झांड्रा पॅलेसचा हिवाळा

उत्तर लंडनच्या टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस नावाची एक भलीथोरली व्हिक्टोरियन इमारत आहे. तिच्या पूर्वेकडच्या भागात बीबीसीने बिऱ्हाड केलं, वर लोखंडी मनोरा चढवला आणि 2 नोव्हेंबर 1936 रोजी दुपारी तिथून दूरचित्रवाणीचं नियमित प्रसारण सुरू झालं. त्या दिवशी उद्घाटन दोनदा झालं. कोणाची पद्धत वापरायची यासाठी स्पर्धक दोन होते, जॉन लोगी बेअर्डची कंपनी आणि मार्कोनी-ईएमआय. आधी कोण, यासाठी नाणं उडवलं आणि कौल बेअर्डला मिळाला. त्याचं आटोपल्यावर दुसऱ्या स्टुडिओत, दुसऱ्या कॅमेऱ्यांपुढे सारा सोहळा नव्याने झाला. पुढे एक आठवडा यांचा, एक आठवडा त्यांचा. दुपारी तासभर, रात्री तासभर, रविवारी सुट्टी.

या शर्यतीचा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्या हिवाळ्याबद्दल वाचताना माझा जीव गुंततो तो हरलेल्या बाजूत.

बेअर्डच्या स्टुडिओतला मोठा कॅमेरा जागचा हलत नसे. काचेआड बसवलेला तो चक्क सिनेमाचा कॅमेरा होता. समोर नर्तकी नाचायची, तिचं चित्रण फिल्मवर व्हायचं आणि ती फिल्म तशीच खाली रसायनांच्या टाक्यांत उतरायची. तिथे ती धुतली जायची, पक्की व्हायची आणि ओली असतानाच तिच्यावरून प्रकाशाचा झोत फिरून चित्र हवेत जायचं. या सगळ्याला मिनिटभर लागायचं. म्हणजे घरातल्या प्रेक्षकाला गिरकी दिसायची, तेव्हा इकडे नर्तकी दम खात उभी असायची. त्या एका मिनिटात टाक्यांजवळच्या माणसांचा जीव किती टांगणीला लागत असेल! रसायनं, पंप, काळोख आणि हातातून निसटत जाणारी ओली फिल्म. कुठे काही अडलं की पडदा कोरा.

निवेदनासाठी वेगळी खोली होती. तिथे गडद अंधार करून बसावं लागे आणि चेहऱ्यावरून प्रकाशाचा एक लखलखता ठिपका सतत सरकत राही. लेस्ली मिचेल, जास्मिन ब्लाय आणि एलिझाबेथ कॉवेल हे पहिले निवेदक. समोरचं काही दिसत नसताना हसतमुख राहून लोकांशी बोलायचं, हे काम त्यांनी कसं निभावलं असेल याचं मला फार कौतुक वाटतं. शेजारच्या स्टुडिओत मात्र ईएमआयचे एमिट्रॉन कॅमेरे झगझगीत दिव्यांत सहज मागेपुढे फिरत. बेअर्डच्या चित्रात 240 रेषा, यांच्या चित्रात 405. आयझॅक शोनबर्गच्या हाताखालच्या अभियंत्यांनी सगळी भिस्त इलेक्ट्रॉनांवर ठेवली होती आणि ते बरोबर होते.

पाहणारे तरी किती? लंडन आणि आसपासचा टापू, त्यातही संचाची किंमत छोट्या मोटारगाडीएवढी. काही संचांत चित्रनळी इतकी लांब की ती उभी बसवावी लागे. मग झाकण उघडायचं, त्याला आतून आरसा लावलेला असायचा, आणि घरच्यांनी त्या आरशात उमटलेलं चित्र पाहायचं. एवढ्या मोजक्या घरांसाठी रोज गाणी, नाटुकली, नाच बसवले जात होते. त्या प्रसारणांतलं जवळजवळ काहीच आज उरलेलं नाही.

30 नोव्हेंबरच्या रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाचा क्रिस्टल पॅलेस जळाला. बेअर्डच्या प्रयोगशाळा तिथेच होत्या. साहित्याची राखरांगोळी झाली. त्यानंतरही अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये त्याच्या माणसांनी आपली पाळी चुकवली नाही. पण 1937 च्या फेब्रुवारीत निर्णय आला: यापुढे फक्त मार्कोनी-ईएमआय.

त्या पद्धतीचं सामर्थ्य तीन महिन्यांतच दिसलं. 12 मे रोजी सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नरपाशी उभ्या केलेल्या तीन कॅमेऱ्यांनी टिपली आणि शहराखालून नेलेल्या केबलमधून टेकडीवर पोचवली. जून उजाडला तसा विम्बल्डनचा टेनिसचा सामनाही घरात आला. काचेआडच्या त्या जखडलेल्या कॅमेऱ्याला हे कधीच साधलं नसतं.

बेअर्डने मात्र हाय खाल्ली नाही. 1925 मध्ये भाड्याच्या खोलीत, एका बाहुल्याचं डोकं आणि मग ऑफिसातल्या पोऱ्याचा जिवंत चेहरा 30 रेषांत उमटवणारा हा माणूस पुन्हा कामाला लागला. 4 फेब्रुवारी 1938 रोजी, टेकडीवरून निरोप मिळाल्याला वर्ष होत असताना, त्याने लंडनच्या डोमिनियन थिएटरमधल्या 12 फूट रुंद पडद्यावर रंगीत दूरचित्रवाणी दाखवली. ती चित्रं येत होती क्रिस्टल पॅलेसहून.