गॅस्ट्रिक बँडनंतरची बारा वर्षं

लग्नसराई जवळ आली की मला फोन यायला लागतात. ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचं स्थळ "मुलगी जरा जाड आहे" म्हणून परत गेलेलं असतं, आणि तिच्या अम्मीला कुठूनतरी कळलेलं असतं की चिपळूणच्या अमक्यांच्या सुनेनं पोटाला बँड बसवून घेतला होता. प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती आला, किती किलो उतरलं, दुखतं का, आणि शेवटी आवाज खाली करून, "बाहेरून कळत तर नाही ना?" फोनवर याची उत्तरं नीट देता येत नाहीत. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

जानेवारी २०१२ मध्ये माझी शस्त्रक्रिया झाली. वय ३८, वजन ९६ किलो, उंची पाच फूट एक इंच. मधुमेहाला सहा वर्षं झाली होती आणि इन्सुलिन सुरू झालं होतं. गुडघे असे की नमाज खुर्चीवर बसून. माझ्या अम्मीचा एक पाय मधुमेहामुळे गुडघ्याखालून काढावा लागला होता. त्यानंतर ती दीड वर्ष जगली आणि त्या दीड वर्षात तिची सगळी उठबस मीच केली. मला स्थळ बघायचं नव्हतं, मला माझे दोन पाय हवे होते.

हे मुद्दाम सांगते, कारण ही शस्त्रक्रिया कुणासाठी आहे याचा हिशेब डॉक्टरांकडे असतो. वजनाला उंचीच्या वर्गानं भागून बीएमआय काढतात. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी भारतीय माणसांसाठी तो साडेसदतीसच्या वर असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब असे आजार असतील तर साडेबत्तीसच्या वर असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करत असत. माझा जवळपास ४० होता. फोन करणाऱ्या दहा अम्मींपैकी आठ जणींच्या मुली या हिशेबात बसतच नाहीत. पंचविशीच्या आतल्या, धडधाकट, थोड्या भरलेल्या मुली. त्यांना मी सरळ सांगते, मुलीला सर्जनकडे नेण्याआधी तो स्थळवाला एकदा नीट बघा.

घरात दुसराच प्रश्न निघाला होता. अल्लाहनं दिलेल्या शरीरात असं काही बसवणं चालतं का? यांनी मशिदीच्या इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, ही हौस आहे की इलाज? फाईल दाखवली. इलाज आहे म्हटल्यावर ते म्हणाले, मग माझ्याकडे कशाला आलात, डॉक्टरांकडे जा.

बँड म्हणजे पोट कापून लहान करणं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती सिलिकॉनचं एक कडं बसवतात, तेही दुर्बिणीतून. जठर कापत नाहीत, आतडी वळवत नाहीत. कड्याच्या वर छोट्या लिंबाएवढी पिशवी तयार होते, ती थोड्या अन्नानं भरते आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. कड्याच्या आतल्या बाजूला फुगणारी पोकळी असते. तिथून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या एका डबीला जोडलेली असते, तिला पोर्ट म्हणतात. सुईनं पोर्टमध्ये सलाईन भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल होतं. बाहेरून काही दिसत नाही. हात फिरवला तर एक टणक उंचवटा लागतो, एवढंच.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि दीड महिन्यानं चावून खायचं जेवण. त्यानंतर पहिल्यांदा कडं आवळलं. काम दहा मिनिटांचं, पण त्यासाठी चिपळूणहून रेल्वेनं मुंबई गाठायची, म्हणजे दिवस मोडला. पहिल्या वर्षात सहा वेळा गेले. बँडवाल्या माणसाला डॉक्टरांचा पत्ता कायमचा लागतो. ते किती लांब आहेत हे आधीच बघावं लागतं, आणि खर्चात हेही धरावं लागतं.

आवळायचं किती, याला मशीन नाही, आपणच सांगायचं असतं. जेवून दोन तासांत भूक लागत असेल तर सैल आहे. मऊ घासही अडकत असेल, रात्री आडवं झालं की आंबट पाणी वर येऊन खोकला लागत असेल, तर जास्त आवळलंय. हॉस्पिटलात भेटलेल्या एक बाई दर वेळी "अजून घट्ट करा" म्हणायच्या. घट्ट झाल्यावर त्यांना भाकरी, भाजी, मासळी काहीच जाईना. मग आइस्क्रीम, मिल्कशेक, फालुदा, जे जे सरकतं ते त्या खाऊ लागल्या आणि वजन पुन्हा वर. बँडला घास अडवता येतो, साखर अडवता येत नाही. शीरखुर्म्याची अख्खी वाटी त्याच्यातून सरबतासारखी निघून जाते.

घास अडकणं म्हणजे काय, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. छातीच्या मधोमध दगड बसतो, तोंडाला पाणी सुटतं, फेस येतो. अशा वेळी घरचे पाण्याचा पेला पुढे करतात, तो अजिबात घ्यायचा नाही. उभं राहायचं, हळू चालायचं, घास उतरेपर्यंत किंवा परत येईपर्यंत थांबायचं. वारंवार उलट्या झाल्या तर जठराचा भाग कड्यातून वर सरकू शकतो आणि मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. माझ्या बाबतीत अडकणारे पदार्थ म्हणजे पाव, नान, चिकट भात, मटणाचा चिवट तुकडा आणि आमची तांदळाची ऊन ऊन भाकरी. त्या भाकरीचं मला आजही वाईट वाटतं. मटणाऐवजी खिमा आला. ताज्या बोंबलाचं कालवण, सुरमई, अंडं, मुगाची डाळ, दही यांनी मला सांभाळलं. जेवणात आधी हे, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भाताचे. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जायला हवीत असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, म्हणजे लिंबाएवढ्या पिशवीत त्यांना पहिला मान द्यावाच लागतो. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. सोड्याची बाटली घरात बंद.

याच बाईंनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "जेवायला किती वेळ लागतो?" मला उत्तर देता येईना. आमच्या घरात नऊ माणसं. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू आणि आलं-गेलं, आणि शेवटी सून. ओट्याशी उभ्यानं, एक हात तव्यावर, टोपात उरलेलं संपवत. वाया जाऊ नये म्हणून मुलांच्या ताटातलंही. ते जेवण पाच मिनिटांचं होतं की दिवसभराचं, कुणी मोजलं होतं? आणि आता बँड म्हणत होता की खाली बस, बोटाच्या पेराएवढा घास घे, वीस-पंचवीस वेळा चाव, चमचा खाली ठेव, मग दुसरा घास. अर्धा तास.

सुनेनं अर्धा तास बसून जेवायचं! पहिले दोन महिने सासूबाईंना ते नाटक वाटलं. त्या वाईट नव्हत्या. वाढणं हीच त्यांची माया होती आणि माझ्या बशीत तीन चमचे पाहून त्यांचा जीव तुटायचा. "दोन घासांवर बाई जगेल कशी?" असं पाहुण्यांना विचारायच्या. मग एक दिवस त्यांच्यासमोर घास अडकला आणि मी वीस मिनिटं भिंतीला धरून उभी होते. दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं जेवण एकत्र सुरू झालं. भाकऱ्या आधी भाजून दुरडीत ठेवायच्या आणि दस्तरखानावर सगळ्यांनी एकदम बसायचं. मोठ्या मुलाकडे पाणी, धाकटीकडे वाढणं. यांना उठून मीठ आणावं लागलं तेव्हा मीठ कुठे असतं हे पहिल्यांदा कळलं. मला विचाराल तर माझं निम्मं वजन त्या बदलानं उतरवलं. ज्या घरात सून उभ्यानंच जेवणार आहे तिथे बँडवर पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे.

दावती मात्र माझ्या हातात नव्हत्या. लग्नाच्या थाळ्यात पाच-सहा जणी एकत्र बसतात. आपण किती खाल्लं हे कळत नाही, आणि प्रत्येक जण चांगली बोटी आपल्याकडे सरकवते. पोटाचे तीन भाग करण्याची हदीस तिथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत असते, पण ती थाळा उठल्यावर आठवते. मी वेगळी बशी मागायला लागले. सुरुवातीला लोकांनी तोंडं वाकडी केली. मग "गॅसचा त्रास आहे" एवढं सांगायची, ते लगेच पटायचं. आपल्याकडे गॅसला जेवढी सहानुभूती आहे तेवढी मधुमेहाला नाही.

रमजानबद्दल सगळ्या विचारतात. २०१२ चा रमजान जुलैत सुरू झाला, शस्त्रक्रियेला सहाच महिने झाले होते. डॉक्टरांनी नाही म्हटलं आणि मी रोजे ठेवले नाहीत. आजारी माणसाला सवलत कुराणातच दिलेली आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढच्या वर्षी इन्सुलिन बंद झालं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या, बँड थोडा सैल केला आणि मगच रोजे सुरू केले. इफ्तारला एक खजूर, तोंडात लगदा होईपर्यंत चावून. दोन-तीन घोट पाणी. मगरिबची नमाज. मग बशीभर जेवण. तिथून तरावीह होऊन झोपेपर्यंत घोट घोट पाणी, कारण बँडवाल्याला लोटाभर पाणी एकदम पिता येत नाही आणि खरा धोका उपाशी राहण्याचा नसून पाणी कमी पडण्याचा असतो. भजी, समोसे, रूह अफजा बाजूला ठेवले. महिनाभर रोजे ठेवून ईदला वजन वाढलेलं असणं, हे कोडं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. त्यासाठी बँड असण्याची गरज नाही.

आता किलोंचा हिशेब. पहिल्या वर्षी ९६ चे ८२ झाले, दुसऱ्या वर्षअखेर ७६. तिथे काटा थांबला. बायपासवाल्यांचं वजन भराभर उतरतं, बँडवाल्यांचं आठवड्याला अर्धा-एक किलो, तेही सुरुवातीला. मी सडपातळ झाले नाही. मधे चार महिने केस मूठमूठभर गळले, नंतर परत आले. दंडाची कातडी लोंबली, ती तशीच आहे. पण एचबीए१सी ९.४ वरून ६.८ वर आलं आणि आता फक्त गोळी आहे. फजरनंतर आधी गच्चीवर चालायचे, नंतर शेजारच्या दोघी जोडीला आल्या आणि आम्ही रस्त्यावर निघालो. २०१३ च्या उन्हाळ्यात एका दुपारी खुर्ची न घेता मुसल्ल्यावर उभी राहिले. रुकू झाला, सजद्यात गेले, कपाळ जमिनीला लागलं. उठताना गुडघा दुखला, पण उठले. त्या सजद्यात मी जरा जास्तच वेळ होते.

जुलै २०२१ च्या महापुरात आमचं खालचं घर आणि यांचं दुकान दोन्ही पाण्यात गेलं. वरच्या मजल्यावर अकरा माणसं आणि खायला बिस्किटं. नंतर मदत आली ती पाव, फरसाण आणि खिचडीची. ज्यांनी आणली त्यांचे उपकार आहेत, पण पाव मला जाईना, मग चहात विरघळवलेल्या बिस्किटांवर कितीतरी दिवस काढले. ताणानं बँड जास्तच घट्ट वाटायचा. त्या वर्षात चार किलो वाढले, त्यातले दोन अजून अंगावर आहेत.

आता कुणी मला "तुझ्यासारखाच बँड हवा" म्हणाली तर तिचे डॉक्टर बहुधा दुसरंच काही सुचवतील. अमेरिकेत २००१ मध्ये बँडला परवानगी मिळाली, त्यानंतर काही वर्षं तो जोरात होता. पण कडं सरकणं, जठरात रुतणं, वजन पुरेसं न उतरणं, यामुळे पुष्कळांचे बँड काढावे लागले. आता जास्त करून स्लीव्ह किंवा बायपास करतात. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, तो परत जोडता येत नाही, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर लागतात. माझा बँड बारा वर्षं टिकला आहे. दरवर्षी तपासून घेते. सरकला तर काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. मग काय करायचं याची चर्चा आमच्या घरात दस्तरखानावर दोनदा झाली आहे, निर्णय झालेला नाही.

ज्यांचा बँड आधीच बसलेला आहे अशा भगिनींसाठी एक शेवटचं. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, काही वेदनाशामक गोळ्यांनी जठराला इजा होते. दिवस राहिले तर लगेच बँडच्या डॉक्टरांना कळवा, गरज पडल्यास तो सैल करता येतो. आणि बँड कधी बसवला, कुठल्या जातीचा आहे, पोर्ट कुठे आहे, हे लिहिलेला कागद जवळ ठेवा. गावात अचानक दवाखान्यात नेलं तर समोरच्या डॉक्टरांना हे माहीत असायला हवं. माझा कागद पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे असतो आणि त्याची एक झेरॉक्स माझ्या सुनेकडे आहे.