टोमॅटिनाचं तिकीट

२०११मध्ये ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पाहिला आणि ठरवूनच टाकलं, एकदा तरी ला टोमॅटिना! पुण्यातल्या आयटीत घासून, ईएमआय सांभाळून २०२३च्या ऑगस्टमध्ये एकदाचा स्पेनला पोचलो. आधी व्हॅलेन्सिया, तिथलं घुमटाचं सेंट्रल मार्केट, पाएला वगैरे. बुधवारी बुन्योल. बार उडाला, ट्रक आले अन् तासभर नुसती धमाल! शंभरहून जास्त टन टोमॅटो. नियम असा, की आधी हातात चिरडायचा, मगच फेकायचा.

तिसऱ्या की चौथ्या टोमॅटोला हात थांबला. परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेडजवळचं आमचं शेत. भाडंही सुटेना म्हणून आबांनी एका वर्षी भरलेली कॅरेटं रस्त्याकडेला ओतली होती. पुढे दहावीला भास्कर चंदनशिवांचा ‘लाल चिखल’ शिकताना मी मान वरच केली नाही.

रात्री फोन केला.

‘‘तिकीट काढून टमाटे फेकतेत?’’

‘‘हो आबा.’’

‘‘अन् शेतकऱ्याला?’’

सांगितलं, की एक्स्ट्रेमादुरा भागात खास यासाठीच पिकवतात, विकत घेतात.

आबा जरा थांबले. ‘‘मंग बरंय. हाणायचे की अजून दोन-चार!’’