सात नावांची नदी

स्लोव्हेनियाच्या नकाशावर ल्युब्ल्यानित्सा नदी बोटाने गिरवू गेलं, तर बोट पुन्हा पुन्हा उचलावं लागतं. क्रोएशियाच्या सीमेजवळ ती त्रबुहोव्हित्सा म्हणून निघते, जमिनीत शिरते आणि ओबर्ह होऊन वर येते. पुढे स्तर्झेन, मग राक. सगळा मुलूख चुनखडीचा. पावसाचं पाणी खडक विरघळवत खाली उतरलं आणि नदीला डोंगराच्या पोटातून वाटा मिळाल्या. दर वेळी वर आलेल्या पाण्याला तिथल्या माणसांनी नवं नाव दिलं. मला यात अज्ञान दिसत नाही. डोळ्यांसमोर जन्मलेल्या पाण्याचं त्यांनी बारसं केलं.

स्तर्झेन जिथून वाहते, ते त्सेर्क्नित्सा सरोवर मला या साऱ्या वाटेवर सर्वांत प्रिय. शरदातल्या पावसाने आणि वसंतात वितळणाऱ्या बर्फाने ते काठोकाठ भरतं, उन्हाळ्यात तळाच्या विवरांतून रितं होतं. जिथे मासे धरायचे, तिथेच काही महिन्यांनी गवत कापायचं, असा तिथला संसार. यानेझ वाल्व्हासोर या सरदाराने हे भरणं-ओसरणं उकलू पाहिलं आणि त्या वर्णनामुळे १६८७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. त्याची भूमिगत नळ्या-टाक्यांची कल्पना पुढे टिकली नाही. पण इतक्या निष्ठेने पाण्याकडे पाहणारा माणूस मला थोर वाटतो.

राक पुन्हा गुहेत शिरते. पोस्तोइनाच्या गुहेतून पिव्का येते आणि प्लानिनाच्या गुहेत, गच्च काळोखात, दोघींचा संगम होतो. तिथे प्रोटियस राहतो : फिकट, आंधळा, लांबट उभयचर. संगमाचं पाणी उनित्सा होऊन बाहेर पडतं, कुरणांतून वळणं घेतं, पुन्हा जिरतं. व्रह्निकाजवळ अनेक झऱ्यांतून शेवटी उफाळते ती ल्युब्ल्यानित्सा.

आता तिला उतारच उरत नाही. दलदलीच्या सपाटीवरून ती अगदी संथ जाते. अक्विलेयाहून गाड्यांनी आलेला माल रोमन लोक इथेच, नाउपोर्तुसला, होड्यांत चढवत. पाण्यात जे पडलं ते गाळाने जपलं : तलवारी, भांडी, आणि २००८ साली सापडलेलं, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचं यू वृक्षाच्या लाकडाचं शिकारी टोक. राजधानी ल्युब्ल्यानात वास्तुकार योझे प्लेच्निकने काठाला पायऱ्या दिल्या, विलो लावले, पूल बांधले; शहराला त्याने पुन्हा पाण्यापाशी आणलं. शहराबाहेर ती सावा नदीला मिळते. एड्रियाटिक समुद्र इतका जवळ असूनही हे पाणी सावा आणि डॅन्यूबच्या सोबतीने काळ्या समुद्राला जातं.