सुभेदार

मुरबाडच्या बाजारातून लेकीने त्याला आणलं, तेव्हा तो झाकणाच्या प्लास्टिकच्या पेल्यात होता. माझ्या अंगठ्याएवढा जीव. धड वळायलाही जागा नव्हती, तरी बोट जवळ नेलं की कल्ले फुगवून अंगावर यायचा. दुकानदार या माशाला नुसतं फायटर म्हणाला. लेकीने वाटेतच नाव ठेवलं, सुभेदार.

रंग गर्द निळा, शेपटीच्या कडेला पिकल्या जांभळाची झाक. दर थोड्या वेळाने तो वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि खाली जातो. कल्ल्यांच्या वर त्याला हवा घेण्याचं वेगळं इंद्रिय असतं. या गुणापायीच त्याचे हाल होतात. पेल्यात लगेच मरत नाही, म्हणून पेल्यातच ठेवतात. त्याचे पूर्वज थायलंडच्या भातखाचरांतले, उथळ, कोमट, गवताळ पाण्यातले. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे खाचरात असतं तसंच पाणी. 2019 साली थायलंडने या माशाला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं.

पंधरा लिटरच्या टाकीत सोडल्यावर आठवड्यात त्याने कोपऱ्यात फेसाचं घरटं बांधलं. एकेक बुडबुडा तोंडाने आणून चिकटवलेला. मादी नव्हती, अंडी नव्हती, तरी बांधलं. या जातीत अंडी राखायचं काम नराचं. निसटून खाली पडलेलं अंडं तोंडात उचलून तो पुन्हा फेसात ठेवतो. एवढा भांडकुदळ जीव हे करतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पौषात, म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत, त्याने खाणं सोडलं. दाणा टाकला की वर यायचा, तोंडाजवळ नेऊन थांबायचा आणि वळून जायचा. मग वर येणंही कमी झालं. तळाशी पानावर टेकून पडायचा, पर मिटलेले. आरसा दाखवला तरी कल्ले फुगवेना. तेव्हा घरातले सगळेच गप्प झाले.

मी घाबरून चुका केल्या. एक दाणा नको तर दोन टाकले, दुसरं खाद्य आणलं. न खाल्लेलं तळाशी कुजलं, पाणी गढूळ झालं. मग सगळं पाणी एकदम बदललं, तेही थेट नळाचं. नळाला पाणी येतं त्या विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकल्याचा तो दिवस. पाण्याला वास येत होता आणि तरीही मी ते ओतलं. सुभेदार त्या रात्री एका कुशीवर कलला.

सकाळी नदीवर निघालेला कातकरी शेजारी ओटीवर टेकला. टाकीत बघून म्हणाला, "थंडीत मासा डोहाच्या तळाला बसतो, दादा. गळाला लागत नाही. पाणीच गार, त्याला भूक कुठली?"

तापमापी बुडवली. अठरा अंश. याला सव्वीसच्या आसपास लागतं. माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी गारठलं की पोटातलं पचनही मंदावतं. मी ज्याला रुसवा समजत होतो, ते गारठणं होतं.

लेकीने बॅटरी धरली, मी त्याला नीट निरखलं. अंगावर पांढरे ठिपके नव्हते, पोट फुगलेलं नव्हतं, खवले उभे राहिलेले नव्हते. तसं काही असतं तर नुसत्या उबेने भागलं नसतं. कल्याणहून छोटा हीटर आणला आणि पाणी दिवसभरात हळूहळू चढवलं. एकदम तापवलं तर तोही धक्काच. रात्री वीज गेली की टाकीला आईची गोधडी गुंडाळायची, वरून हवेला फट ठेवून. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसरात्र ठेवायचं, म्हणजे टीसीएलचा क्लोरीन उडून जातो, आणि टाकीतलं फक्त पाव पाणी बदलायचं. खाणं तीन दिवस बंद. हे सगळ्यात अवघड गेलं. आईला तर ते पटेचना. आजाऱ्याला उपाशी ठेवायचं म्हणजे काय! पण न खाणाऱ्यापुढे दाणे टाकत राहिलो तर पाणी पुन्हा नासलं असतं.

तिसऱ्या संध्याकाळी परांची घडी उलगडली. चौथ्या दिवशी तो हवेचा घोट घ्यायला पहिल्यासारखा सरळ वर आला.

पाचव्या दिवशी लेकीने गुरांच्या डोणीतून डासांच्या अळ्या आणल्या आणि गाळणीत धुतल्या. भातखाचरात हेच तर याच्या जातीचं अन्न. मी एकच अळी सोडली. ती वळवळली. सुभेदार पानावरून हलला, तिच्यासमोर थांबला आणि झडप घातली. घेतली, थुंकली, पुन्हा घेतली.

लेकीने माझा हात घट्ट धरला होता. दुसरी अळी लगेच दिली नाही. त्याचं पोट त्याच्या डोळ्याहून फार मोठं नसतं म्हणतात. तो काचेला येऊन लागला, माझ्या बोटाकडे बघितलं आणि दोन्ही कल्ले फुगवले.