कोप्यांवरचा नाताळ

आमच्या मंडळीच्या रजिस्टरात नावं होती ११२. मी पाळक म्हणून आलो त्या वर्षी नाताळच्या उपासनेला माणसं जमली १९. त्यात निम्मी म्हातारी, बाकी लेकरं.

कारण साऱ्यांना ठाऊक. नगर-बीडच्या शिवेवरचं कोरडवाहू गाव. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता निघतो, तो कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात परततो. म्हणजे नाताळ कायमचा फडात. मी सेमिनरीत शिकलेलं प्रवचन कुणाला सांगू? वर कचेरीला हजेरीचा अन् दानाचा अहवाल जायचा, आणि दरवर्षी तोच प्रश्न यायचा, मंडळी वाढत का नाही?

तिसऱ्या वर्षी मी राजीनामा लिहून ठेवला. घरातही बोलेनासा झालो. एलीयाची गोष्ट मी लेकरांना कितीदा तरी सांगितली होती. थकून झुडपाखाली पडला, देवाकडं मरण मागू लागला. देवदूतानं त्याला बोध नाही केला. भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून जेवू घातलं. माझ्याकडं मात्र येणारा जो तो बोधच करून जायचा. प्रार्थना वाढवा म्हणे!

मग आमच्या आळीतली एक म्हातारी, तीन नातवंडं सांभाळणारी, दळण घेऊन चालली होती. माझं तोंड बघून थांबली. म्हणाली, "पाळकसाहेब, मेंढरं गेली चरायला, अन् तुमी वाड्यात बसून मोजताय व्हय?"

राग आला मला. पण त्याच नाताळात एस.टी.नं निघालो. पिशवीत म्हाताऱ्यांनी दिलेली शेंगदाण्याची चटणी, चिवडा, आणि पोरांनी आई-बापाला काढलेली चित्रं.

सातारा जिल्ह्यात फडाजवळ आमच्या लोकांच्या कोप्या होत्या. पाचटाची शेकोटी, पलीकडं बैलं. लोक पहाटे तीनला उठलेले, गाडी भरून, कारखान्यावर खाली करून रात्री परतलेले. बाया हातावरच्या कोयत्याच्या चिरा झाकत भाकरी थापत होत्या. मी प्रवचनाचा कागद बाहेरच काढला नाही. टिळकांची भजनं म्हटली. पेटी नव्हती, पत्र्याचा डबा होता. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला होता, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं. त्या रात्री तो दरबार कसा असेल, याची थोडी कल्पना आली. शेजारच्या कोप्यांतले वंजारी गडीही येऊन बसले. दोघं-तिघं भजनातच झोपी गेले. मी उठवलं नाही.

प्रार्थनेत काय मागू, असं विचारलं. एक जण म्हणाला, "उचल फिटू द्या." एका बाईनं लेकीचं चित्र शेकोटीच्या उजेडात धरलं, अन् "शाळंत जाती का ती?" एवढंच विचारलं. जाती, म्हटलं. रोज जाती.

तेव्हापासून दर हंगामात दोन-तीन खेपा होतात. देवळातली डिसेंबरची हजेरी काही वाढलेली नाही. उचलही कुणाची फिटलेली दिसत नाही, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. राजीनाम्याचा कागद मी फाडला नाही, पेटीत आहे. एखाद्या जानेवारीत त्याची आठवणही होते. पण नाताळच्या आधी ती पेटी उघडायला सवड नसते. पहाटेची एस.टी. गाठायची असते, आणि कुणाची तरी चटणी अजून कुटून व्हायची असते.