नागसेनवनातला प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही औरंगाबादला गेलो. २०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण माझ्या वडिलांच्या तोंडी अजून जुनेच नाव बसले आहे. लेणी पाहून झाली, तसे दादा म्हणाले, "बाई, आता पोराला माझे कॉलेज दाखवू."

दादांचे कॉलेज म्हणजे मिलिंद महाविद्यालय.

माझा मुलगा यंदा सहावी पास झाला. इतिहासाच्या सनावळ्या तो घडाघडा म्हणतो. मात्र वर्षाच्या सुरुवातीला त्याने वर्गात "असे का झाले?" म्हणून विचारले, तेव्हा "हे परीक्षेला नाही, खाली बस" असे उत्तर मिळाले. तेव्हापासून त्याने हात वर करणे सोडले. ही गोष्ट मला आतून टोचत होती.

नागसेनवनात सुट्टीची शांतता होती. फाटकावरचे नाव वाचून मुलाने विचारले, "आजोबा, मिलिंद कोण?"

"तुझ्या पुस्तकातला ग्रीक राजा मिनँडर तो हाच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याची राजधानी साकल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट."

"मग त्याचे नाव इथे कशाला?"

दादा लिंबाच्या सावलीत टेकले आणि सांगू लागले.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे. गोरगरिबांच्या पोरांना ते कुठून जमणार? बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि १९५० साली इथे हे कॉलेज सुरू केले. कॉलेजला नाव दिले मिलिंदाचे आणि परिसराला भिक्खू नागसेनाचे.

मिलिंद राजाने नागसेनांना खूप प्रश्न विचारले. त्यांचाच ग्रंथ झाला, 'मिलिंदप्रश्न'. नागसेनांनी आधी एक अट घातली होती. पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर बोलू, राजासारखी असेल तर नाही. पंडिताची चूक दाखवली तरी तो रागावत नाही. राजाला विरोध केला की तो शिक्षा देतो.

"राजाने अट मानली?" मुलाचे डोळे मोठे झाले.

"मानली. शेवटी तो उपासक झाला, असे ग्रंथ सांगतो."

थोडा वेळ दादा गप्प बसले. मग म्हणाले, "माझा बाप सालगडी होता. शाळेचा उंबरठा त्याला ठाऊक नव्हता. गावच्या शाळेत मी कायम मागे बसायचो. इथे पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसलो आणि सरांना प्रश्न विचारला. कुणी खाली बस म्हटले नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वाडवडिलांना शाळेत शिरायलाच बंदी होती. आज आपली लेकरे वर्गात बसतात. पण तिथे नुसते बसून पाठ करायचे असेल, तर बाबासाहेबांनी कॉलेजला विचारणाऱ्या राजाचे नाव कशाला दिले असते?

जूनमध्ये शाळा उघडेल. पहिल्याच आठवड्यात मी वर्गशिक्षकांना भेटणार आहे. भांडायला नाही. एवढेच सांगणार आहे की, सर, पोराला विचारू द्या. उत्तर ठाऊक नसेल तर दोघे मिळून शोधा. आपणही आपल्या मुलांच्या शाळेत एकदा जाऊन या.

परतताना एस. टी.त मुलाने आजोबांना चौदा प्रश्न विचारले. मी मोजले.

जयभीम.